पायाखालची ऊब आणि बाजेखालची शेगडी

थंडी चांगलीच पडली आहे. निफाडकडचा पारा घसरला की आपल्या भागात रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, मण्यांना गारठा बाधू नये म्हणून. बागेला जपतो तसं घरातल्या माणसांना कसं जपायचं, त्यावर आज बोलू या. त्यातही ऊब खालून, भुईतून कशी आणतात आणि ती किती ठेवायची हे कसं ठरवतात, एवढाच विषय आहे.

हा विषय निघाला बाळंतिणीच्या खोलीवरून. त्या कार्यक्रमानंतर बऱ्याच जणींनी एकच विचारलं, बाजेखाली शेगडी ठेवावी का? सासूबाई म्हणतात ठेव, आम्हीही असंच शेकून घेतलं. आशाताई म्हणतात अजिबात नको. मधल्या मध्ये सुनेचा जीव कात्रीत. दोघींचंही म्हणणं आम्ही ऐकून घेतलं आणि मग पुस्तकं उघडली. तेव्हा दिसलं, की खालून ऊब घेण्याची रीत काही आपल्या एकट्यांची नाही. कोरियातल्या लोकांनी तर अख्खं घरच त्या रीतीवर बांधलं. त्यात सुख किती आणि जीवघेणा धोका कुठला, हे त्यांच्याइतकं कुणी भोगलं नसेल. म्हणून आधी तिकडे जाऊन येऊ.

कोरियात हिवाळा म्हणजे पाणी गोठवणारा. तिथल्या जुन्या घराला ओंडोल असतो. ओंडोल म्हणजे उबदार दगड. रचना ऐका. स्वयंपाकघर खोलगट, आणि त्याला लागून झोपायची खोली दोन-तीन फूट उंचावर. चूल दोघींमधल्या भिंतीत. चुलीवर भाताचं भांडं चढवायचं, खाली लाकडं सारायची. पण जाळ आणि धूर चुलीच्या तोंडाने बाहेर येत नाही. तो भिंतीच्या पोटातून शेजारच्या खोलीच्या भुईखाली शिरतो. तिथे दगडमातीच्या नाल्या केलेल्या असतात, शेताला पाणी द्यायचे पाट असतात ना, तशा. गरम धूर त्या नाल्यांतून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि पलीकडच्या धुराड्यातून आभाळात निघून जातो. नाल्यांवर चपटे दगड, दगडांवर चिखलाचा थर, आणि वर तेल पाजलेला जाड कागद चिकटवलेला. भुई गुळगुळीत, पुसायला सोपी. एका जाळावर भातही शिजतो आणि रात्रभराची ऊबही मिळते.

हे वाचून आमच्यातल्या एकजण म्हणाल्या, आपल्या चुलीची अर्धी ऊब तर फुकटच जाते की. खरंच आहे.

दगड बसवणाऱ्या कारागिराची अक्कल बघा. चुलीजवळ दगड जाड ठेवायचा, लांबच्या टोकाला पातळ. चुलीजवळ जाळ तिखट, तिथे पातळ दगड घातला तर पाय पोळतील आणि कागद जळेल. लांब पोचेपर्यंत धूर निवतो, तिथे जाड दगड तापणारच नाही. जाड तवा उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरीही चुलीजवळची बाजू जास्त उबदार राहायचीच. ती जागा म्हाताऱ्यांची आणि पाहुण्यांची. सुनेच्या वाट्याला कुठली जागा येत असेल, ते तुम्हीच ओळखा. घरधनी उशिरा येणार असला तर झाकणाच्या वाटीत भात काढून, पांघरुणात गुंडाळून त्या उबदार जागी ठेवायचे. आपण विरजण लावलेलं भांडं चुलीच्या कडेला ठेवतो, तसंच.

हे लोक चपला दारात काढतात, भुईवर बसून जेवतात, भुईवर अंथरूण घालतात आणि सकाळी गुंडाळून ठेवतात. बाळंतिणीलाही उबदार भुईवर निजवायची त्यांची जुनी रीत. म्हणजे आपल्या आजीला तिथे नेलं असतं तर तिला फारसं परकं वाटलं नसतं. उन्हाळ्यात मात्र ते चूल बाहेर मांडत, नाहीतर भाताबरोबर घरचेही शिजले असते.

आता ऊब कमीजास्त कशी करायची? बटण तर नव्हतं. संध्याकाळच्या स्वयंपाकाला किती लाकूड घालायचं, यावर रात्र ठरायची. दगड आणि चिखल सावकाश तापतात, म्हणून जाळ विझला तरी पहाटेपर्यंत भुई कोमट राहते. ज्याला जास्त ऊब हवी त्याने चुलीकडे सरकायचं, ज्याला उकडतं त्याने पलीकडे. एकाच खोलीत दोन हवामानं. आम्हाला ही युक्ती फार आवडली, कारण घरात प्रत्येकाची थंडी वेगळी असते आणि त्यावरून भांडणंही होतात.

आपल्या देशातही असं आहे. काश्मीरमध्ये हमाम असतो. खोलीची भुई दगडी फरश्यांची, खाली पोकळी, आणि त्या पोकळीत बाहेरच्या बाजूने लाकडं घालून जाळ करायचा. त्याच जाळावर भिंतीतल्या तांब्याच्या भांड्यात पाणी तापतं. मशिदींत तो जुन्या काळापासून आहे, आता घरांतही बांधतात. कोरिया काय, काश्मीर काय, एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे आणि तिच्यावरच आजचं सगळं बोलणं टेकलेलं आहे. जाळ भुईखाली, धूर बाहेर, आणि माणूस वर. माणसाच्या श्वासाची हवा आणि जाळाची हवा एकमेकींना भेटत नाहीत. मध्ये दगड आणि चिखल असतो.

तो चिखल तडकला तर?

लाकडाचा जाळ असेपर्यंत फट पडली की धूर वर यायचा, डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा. माणूस जागा व्हायचा आणि फट लिंपायचा. मग १९५०च्या पुढे कोरियात डोंगर उजाड झाले, लाकूड मिळेना, आणि घरोघर कोळशाच्या विटा आल्या. नळकांड्यासारख्या गोल, वरून खाली भोकं पाडलेल्या. एक वीट कित्येक तास धुमसत राहते. स्वस्त, धूर नाही, डोळ्याला पाणी नाही. विझू नये म्हणून घरातली बाई रात्री-पहाटे उठायची आणि जळक्या विटेवर नवी वीट ठेवायची. सगळ्यांना वाटलं, सुटलो बाई धुरातून. पण जाळ तोच, भुई तीच आणि फटीही त्याच. फक्त आता फटीतून जे वर यायचं त्याला ना वास, ना रंग. दर हिवाळ्यात शेकडो माणसं झोपेतच जाऊ लागली. कुणाचं अख्खं कुटुंब. तिथल्या दवाखान्यांना या विषबाधेसाठी जास्त दाबाने ऑक्सिजन देणाऱ्या खास टाक्या बसवाव्या लागल्या. गावठी उपाय म्हणून लोक मुळ्याच्या लोणच्याचं आंबट पाणी पाजायचे. त्याने विष उतरत नव्हतं.

त्या विषाचं नाव कार्बन मोनॉक्साइड. निखारा अर्धवट जळतो तेव्हा ते तयार होतं. लाकूड असो, लोणारी कोळसा असो, दगडी कोळसा असो वा गोवरी, धूर दिसो वा न दिसो. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा जो घटक आहे, त्याला हा वायू ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. समजा, एसटीच्या सगळ्या जागा कुणीतरी आधीच अडवून बसलंय आणि उठायलाच तयार नाही. खरा प्रवासी स्टँडवरच राहतो. छाती वर-खाली होत असते, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि उठावंसं वाटेपर्यंत पायातली ताकद गेलेली असते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. पोटुशी बाई आणि तान्हं बाळ यांना धोका आणखी जास्त.

आता आपली बाज आठवा. गारठा आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या, फटीत चिंध्या कोंबलेल्या. बाजेखाली फुललेल्या निखाऱ्यांची शेगडी, वर बाळंतीण आणि कुशीत चार दिवसांचं बाळ. सुंभाच्या विणीतून ऊब वर येते आणि तिच्याबरोबर तेही येतं. कोरियातल्या भुईला कधीतरी तडा जायचा. इथे तर मध्ये भुईच नाही, नुसती जाळी आहे.

सासूबाई म्हणतील, आम्ही काय मेलो का? त्यांचं म्हणणं थट्टेवारी नेऊ नका. त्यांच्या वेळची घरं निराळी होती. कौलांच्या फटीतून, भिंतीच्या झरोक्यातून हवा खेळायची, धूर आपसूक वर जायचा. आज त्याच जागी स्लॅब आहे, घट्ट बसणारी काचेची खिडकी आहे. शेगडी तीच राहिली, घर बदललं. आणि त्या काळीही दगावलेल्या लेकरांना कोण कारण शोधत होतं? दृष्ट लागली म्हणायचे, सटवाईचा लेख म्हणायचे.

काही समजुती इथेच मोडून टाकू. शेगडीजवळ पाण्याचं पातेलं ठेवलं तर विष पाण्यात उतरतं म्हणतात. उतरत नाही. तोंडाला ओला फडका बांधून उपयोग नाही. कांदा हुंगवून, ताक पाजून काही होत नाही. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली आणि खोलीत निखारे असतील, तर पित्त म्हणून गोळी घेऊ नका. दार उघडा, आधी माणसांना उघड्या हवेत आणा, १०८ला फोन करा, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की खोलीत शेगडी होती. हे सांगितलं नाही तर त्यांनाही चटकन उमगत नाही, कारण माणूस वरून बरा दिसतो. उपाय आहे तो ऑक्सिजनचा, आणि तो दवाखान्यातच मिळतो.

कोरियाने पुढे काय केलं, ते सांगायचं राहिलं. त्यांनी जाळ घराबाहेर काढला आणि भुईखाली धुराऐवजी गरम पाणी खेळवलं. १९६०-७०च्या दशकांत शहरात मोठ्या इमारती उठल्या तेव्हापासून हे पसरत गेलं. एका कोपऱ्यात बॉयलर, म्हणजे आपल्या बंबाचाच शहाणा नातू समजा. त्यातलं तापलेलं पाणी भुईच्या सिमेंटात नागमोडी पुरलेल्या नळ्यांतून फिरतं आणि निवून परत येतं. फट पडली तरी फार तर पाणी झिरपेल, विष नाही येणार. ओंडोलची ही राहणी कोरियाने २०१८ साली राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवली आहे.

अशी नळीची भुई युरोप-अमेरिकेतही असते. तुमच्यापैकी ज्या लेकीच्या बाळंतपणाला तिकडे जातात त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक छोटी चकती किंवा डबी असते, तीवर हवे ते अंश लावायचे. पण ही भुई म्हणजे जाड तवा. आत्ता वाढवली तर ऊब यायला तास-दोन तास लागतात, कधी जास्तही. थंडी वाजली म्हणून एकदम वर, उकडलं म्हणून एकदम बंद असं केलंत तर दिवसभर चकतीशी खेळत बसाल. एका आकड्यावर ठेवा, रात्री एक-दोन अंश उतरवा, बस्स. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घर निदान १८ अंश तरी असावं असं सांगते. लहान बाळ असेल तर थोडं जास्त ठेवा. भुईचा पृष्ठभाग २९ अंशांपुढे जाऊ नये असा युरोपातला दंडक आहे. आपली कातडी त्याहून उबदार असते, म्हणून ती भुई चटका देत नाही, नुसती पायाची थंडी काढते. तिच्यावर जाड सतरंज्या पसरू नका, ऊब खालीच कोंडते. आणि बाळाची गादी थेट त्या भुईवर घालू नका, पाळण्यातच ठेवा. गादीखाली कोंडलेली ऊब किती वाढली ते वरून कळत नाही.

मग आपण इथे अशी भुई करावी का? आमचं स्पष्ट मत, करू नये. आपली कडक थंडी दोन-अडीच महिन्यांची. फरशीखाली विजेच्या तारा घालूनही मिळते ही ऊब, पण बिल बघून घाम फुटेल, आणि वीज पहाटे असेलच याचा भरवसा कुणी द्यावा? तेच पैसे पत्र्याखाली छत मारायला वापरा. पत्रा रात्री घरातली सगळी ऊब आभाळाला देऊन टाकतो आणि पहाटे वरून थेंब गाळतो. छत मारलं की हिवाळ्यात ऊब राहते आणि मे महिन्यात डोकंही तापत नाही.

भुईच्या बाबतीत आपल्याला ऊब आणायची गरज कमी, आपली ऊब भुईला देणं थांबवण्याची जास्त. शहाबादी फरशी अंगातली ऊब ओढून घेते. नुसती चटई पुरत नाही. खाली पेंढा किंवा कोरडी पोती, त्यावर चवाळं, त्यावर घोंगडी आणि मग गोधडी, असे थर द्या. थरांमधली हवा ऊब अडवते. बाज असेल तर तिच्या खालूनही वारा लागतो. तेव्हा शेगडी काढलीत की त्या जागी काहीतरी हवं ना? सुंभावर आधी पोतं आणि घोंगडी घाला आणि मग गादी. दिवसा अंथरूण उन्हात टाका आणि दुपारी ऊन असतानाच गुंडाळून आत आणा, म्हणजे ऊबही आत येईल.

बाळासाठी मात्र कुठलीही भुई, कुठलीही शेगडी आईच्या छातीची बरोबरी करत नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीला बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आज कांगारू पद्धत म्हणून आपल्या सरकारी दवाखान्यांतही शिकवतात. बाळाच्या अंगात फक्त लंगोट, डोक्याला टोपडं, पायात मोजे, आईच्या छातीला छाती, आणि वरून दोघांना मिळून शाल. आई दमली तर बाप घेऊ शकतो, आजी घेऊ शकते. सासूबाईंना हे काम द्या. शेगडी काढून घेतली असं वाटण्यापेक्षा नातू छातीशी आला हे कुणालाही आवडेल.

आणि ऊब पुरते की नाही हे मोजायला भिंतीवर डबी नको. बाळाचे तळपाय आणि पोट हाताने पाहा. दोन्ही उबदार, तर छान. पोट उबदार आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या आणि पाजा. दोन्ही गार असतील तर छातीशी घेऊनच दवाखाना गाठा. अंग लाल, तापलेलं, घामेजलेलं वाटलं तर एखादं दुपटं काढा. ताप वाटला किंवा बाळ नीट पीत नसेल तर दवाखान्यात दाखवा. आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. त्यांच्यासमोर एकदा हात लावून बघायला शिका. पहिल्या २४ तासांत बाळाला न्हाऊ घालू नका, तेवढ्यानेही पुष्कळ ऊब वाचते.

आईला शेक हवाच असतो, कंबर धरलेली असते. तो रबरी पिशवीने घ्या. पाणी उकळतं नको, पिशवी कापडात गुंडाळलेली हवी. सिझेरियन झालेल्या बाईने टाक्यांजवळ पिशवी ठेवू नये, तिथे काही दिवस बधिरपणा असतो आणि चटका बसला तरी समजत नाही. हीच पिशवी बाळाच्या अंथरुणावर आधी दहा मिनिटं ठेवा, अंथरूण उबदार झालं की काढून घ्या आणि मग बाळ ठेवा. पिशवी आणि बाळ एकत्र ठेवू नका. ओव्याची धुरी बाळाला तर नकोच. त्याची फुप्फुसं धुरासाठी नाहीत. शेगडी पेटवायचीच असेल तर अंगणात पेटवा, तेल कोमट करा, दुपटी वरून फिरवून ऊबदार करा, आणि दुपटी तेवढी आत आणा.

सगळ्यात अवघड गोष्ट ऊसतोडीच्या कोप्यांची आहे. हंगाम नेमका थंडीचा. वरून ताडपत्री, खालून ओल, आणि आत ओली बाळंतीण. ताडपत्रीला चटईसारख्या फटी नसतात, म्हणून विझत आलेली चूलही तिथे घातक ठरते. तुमच्या गावाच्या शिवारात टोळी उतरली असेल तर गटातल्या दोघी तिकडे जाऊन या. कोरडी पोती, एक जुनी घोंगडी आणि रबरी पिशवी गटाच्या पैशातून सहज होते. चूल कोपीबाहेर मांडा, विझवूनच निजा, हे तिथल्या बायांशी बसून बोला. त्या म्हणतील, पहाटे तीनला उठून तोडीला जायचं, तेव्हा पाणी कशावर तापवू? संध्याकाळच्या स्वयंपाकातच पाणी उकळून थर्मासमध्ये भरून ठेवायचं. पिशवीपुरतं पाणी पहाटेपर्यंत पुरेसं गरम राहतं आणि रात्री निखारे आत न्यायची वेळ येत नाही. थर्मास गटाकडे एक असला तरी चालेल, ज्या कोपीत बाळंतीण असेल त्या कोपीत तो ठेवायचा.